आधी कागद, मग बयाणा

कापडाच्या व्यापारात आम्हाला तीस वर्षे होऊन गेली. या तीस वर्षांत आम्ही ग्रे कापडाचा एकही ताका न उघडता घेतला नाही. ताका टेबलावर पसरायचा, पन्हा मोजायचा, ताणा कुठे तुटला आहे का, बाणा कुठे सुटला आहे का, तेलाचा डाग कुठे आहे का हे पाहायचे आणि मगच दर बोलायचा. विकणारा सख्खा भाऊ असला तरी मीटर मोजूनच घ्यायचे, आणि त्याचा भावालाही राग येत नाही. माल पसंत पडेपर्यंत जांगड ठेवायचा, नापसंत झाला तर परत करायचा, हा आमच्या बाजाराचा जुना रिवाज आहे. दहा-वीस हजारांच्या मालासाठी एवढी खबरदारी घेणारे आम्ही घर घेताना काय करतो? दोन खोल्या पाहतो, खिडकीतून हवा येते का ते पाहतो, नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतो आणि संध्याकाळी बयाणा देऊन मोकळे होतो. कागद नंतर पाहू, असे म्हणतो. आजच्या लेखात आम्हाला या 'नंतर'बद्दल लिहावयाचे आहे.

ही गोष्ट आम्ही दुसऱ्यांचे ऐकून लिहीत नाही. २०१९ साली आमच्या आपाचा मुलगा सौदीहून परत आला. अकरा वर्षे तिकडे मजुरी करून त्याने जे साठवले होते, त्यातून त्याला दोन खोल्यांचे घर घ्यायचे होते. आपाने आम्हालाच सांगितले, "तू व्यापारी माणूस, व्यवहार तुला कळतो, तूच बघ." दलालाने पाचव्या मजल्यावरचे घर दाखवले. घर हवेशीर होते, विकणाराही ओळखीच्या बिरादरीतला होता. कागदांचे विचारताच दलाल म्हणाला, "सेठ, कागद एकदम साफ आहेत. पण दुसरी पार्टी मगरिबनंतर येणार आहे, ती आजच बयाणा टाकेल." भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलवली. दोन लाख रुपये दिले आणि साध्या कागदावर पावती घेतली.

आठ दिवसांनी कागद हाती आले. महानगरपालिकेने दिलेल्या परवानगीत तळमजला अधिक चार मजले लिहिले होते. आमचे घर पाचव्या मजल्यावर होते. म्हणजे सरकारी कागदावर ते घर अस्तित्वातच नव्हते. विकणाऱ्याकडचा करारही नोंदणी केलेला नव्हता, नोटरीसमोर केलेला होता. आम्ही बयाणा परत मागितला तेव्हा उत्तर मिळाले, "सौदा तुम्ही मोडलात, बयाणा बुडाला." चौदा महिने चकरा मारल्यावर, चार माणसे मध्ये घातल्यावर दोन लाखांपैकी एक लाख मिळाला. भाचा आम्हाला कधी एक शब्द बोलला नाही. फक्त एकदा म्हणाला, "मामू, तुम्ही तर थान उलटून पाहिल्याशिवाय घेत नाही." या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही.

कायदा काय देतो?

कायद्यात काहीच नाही असे समजणे चूक ठरेल. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेत किंवा मालकी हक्कात जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळू शकत नाही, तो सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. घेणाऱ्याने मागितल्यास मालकीचे कागद तपासायला देणे हेही त्याचे कर्तव्य आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर ऐब लपवणे ही लबाडी, असे हा कायदा सव्वाशेहून अधिक वर्षे सांगत आला आहे.

१९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या नोंदणीची पुस्तके आणि त्यांच्या सूची फी भरून कोणीही पाहू शकतो. तुम्ही मालक असण्याची किंवा नातेवाईक असण्याची गरज नाही. ज्याला आपण 'इंडेक्स टू' म्हणतो ती सूची दोन हे याच व्यवस्थेतले.

महाराष्ट्राने १९६३ साली सदनिकांसाठी वेगळा कायदा केला, तो 'मोफा' या नावाने ओळखला जातो. त्यात बांधणाऱ्याने आपल्या जमिनीच्या मालकीची आणि तिच्यावरील बोजाची खरी माहिती द्यावी, मंजूर नकाशे पाहू द्यावेत आणि नोंदणीकृत करार करण्यापूर्वी किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, असे लिहिले होते. नंतर २०१६ साली केंद्राचा 'रेरा' कायदा आला आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्याने मर्यादा आणखी खाली आणली. आता नोंदणीकृत करार न करता बांधणारा दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. घर नोंदवतानाच मंजूर नकाशे आणि कामाचे टप्पे दाखवणे त्याला बंधनकारक आहे. जाहिरात खोटी निघाली आणि त्यामुळे नुकसान झाले तर भरपाईची तरतूद आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदलेल्या प्रकल्पाचे पान असते. त्यात परवानग्या, जमिनीच्या मालकीचा वकिली अहवाल, कर्जाचा बोजा, चालू दावे आणि किती घरे विकली गेली हे घरबसल्या पाहता येते. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही सक्तीचे झाले आहे. मोबाईल समोर धरला की ते पान उघडते.

ही फार मोठी सोय आहे आणि आपल्यातील किती तरी लोकांना तिचा पत्ता नाही. नवे घर घेणाऱ्याने दलालाचे बोलणे ऐकण्यापूर्वी हे पान उघडून पाहावे.

भोके कुठे आहेत?

आता या चांगल्या कापडातील भोके पाहू.

पहिले भोक असे की रेरा नव्या प्रकल्पांसाठी आहे. एका माणसाने दुसऱ्या माणसाला जुने घर विकले तर त्याला रेरा लागू नाही. भिवंडी, मुंब्रा, मालेगाव, औरंगाबादच्या जुन्या वस्त्या घ्या. आपली साधी माणसे घेतात ती घरे बहुतेक जुनीच असतात. तिथे घेणाऱ्याजवळ १८८२ चे कलम ५५ उरते. ते कलम 'मागितल्यास' दाखवा असे म्हणते. बयाण्याच्या आधी की नंतर, हे ते सांगत नाही. शिवाय करारात वेगळे काही ठरले असेल तर हे कलम मागे पडते. दलालाच्या पावतीत बारीक अक्षरांत काय लिहिले आहे हे वाचतो कोण?

दुसरे भोक असे की पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ घरांपर्यंतच्या प्रकल्पांना रेरा नोंदणीतून सूट आहे. दाट वस्तीतल्या अरुंद गल्लीत, दोनशे वाराच्या तुकड्यावर उभ्या राहणाऱ्या इमारती नेमक्या याच सुटीत बसतात. जिथे तपासणीची गरज सर्वांत अधिक, तिथेच दार उघडे आहे.

तिसरे भोक खोट्या कागदांचे. डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराचे प्रमाणपत्र मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ साली उघडकीस आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात राखीव जमिनीवर उभ्या असलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीस पाडून संपल्या. तिथे राहणाऱ्यांनी घरे फुकट घेतली नव्हती, पैसे मोजून घेतली होती. म्हणून प्रमाणपत्र पाहिले म्हणजे काम झाले असे नाही. परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन तो खरा आहे का हे विचारले पाहिजे.

आणि प्रश्न केवळ पैशांचा नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळ येथे काम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर आली. पस्तीसहून अधिक जीव गेले. अशा इमारतीत घर घेताना किंवा भाड्याने राहायला जाताना, इमारतीला परवानगी आहे का, तिची तपासणी कधी झाली, हे विचारणाऱ्यांची संख्या किती असेल? तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या तपासणीचा कागद घेणाऱ्याने मागितला पाहिजे.

आपल्या लोकांचे जास्त नुकसान का होते?

याचे एक कारण आम्ही स्वतः पाहिले आहे आणि ते मोकळेपणाने लिहितो. जो माणूस बँकेचे कर्ज घेऊन घर घेतो, त्याचे कागद बँकेचा वकील तपासतो. बँक आपल्या पैशांच्या काळजीने तपासते, घेणाऱ्याच्या नव्हे, पण त्या तपासणीचा फायदा घेणाऱ्याला आपोआप मिळतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बँकांना बजावले की भोगवटा प्रमाणपत्र तपासल्याशिवाय इमारतीवर कर्ज देऊ नका. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे व्याजापासून दूर राहतात. ती आखाती देशांतली कमाई, भिशीचे पैसे, घरातला दागिना आणि भावा-मेहुण्याकडून घेतलेली उसनवारी गोळा करून रोख व्यवहार करतात. व्याजापासून दूर राहणे हा त्यांच्या दीनचा प्रश्न आहे, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण त्यामुळे बँकेच्या वकिलाची नजर त्या कागदांवर कधीच पडत नाही. जो कर्ज घेत नाही, त्याने स्वतःच्या खर्चाने वकील लावला पाहिजे. लाखोंच्या व्यवहारात वकिलाच्या फीसाठी मागे-पुढे पाहणे म्हणजे गठ्ठा विकत घेऊन दोरीचे पैसे वाचवण्यासारखे आहे.

दुसरे कारण भाषेचे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. मराठी बोलणे बाजारात आले, वाचणे हळूहळू आले. पण सात-बाराचा उतारा पहिल्यांदा हातात आला तेव्हा आम्ही तो जुन्या वैद्याच्या चिठ्ठीसारखा पाहत राहिलो. तलाठ्याने जे सांगितले ते खरे मानले. पुढे एका शिक्षक मित्राने आम्हाला तो रकाना-रकाना करून शिकवला. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची ते असते, बारामध्ये पिकाची नोंद असते. 'इतर हक्क' या रकान्यात कर्ज, बोजा, कुळ यांची नोंद असते, म्हणून डोळे आधी तिथे न्यावेत. भोगवटादार वर्ग दोन लिहिले असेल तर ती जमीन सरकारी परवानगीवाचून विकता येत नाही, हेही तेव्हाच कळले. एका दुपारचे काम होते. ते आम्ही वयाच्या चाळिशीनंतर केले याची आम्हाला लाज वाटते.

तिसरे कारण मुरवतीचे. विकणारा ओळखीचा, बिरादरीतला, एकाच सफमध्ये नमाज पढणारा. त्याला कागद दाखव म्हटले तर तो म्हणेल, "भाई, आमच्यावर भरोसा नाही?" या एका वाक्यापुढे आपली तोंडे बंद होतात. आम्ही म्हणतो, भरोसा माणसावर असतो, मोजणी मालाची असते. एकाचा दुसऱ्याला अडथळा नाही. उलट मोजून घेतलेल्या मालावरून पुढे भांडण होत नाही, म्हणून ओळख टिकते. आमचे आणि त्या विकणाऱ्याचे आज बोलणे नाही. कागद आधी पाहिले असते तर सौदा झाला नसता, पण सलाम-दुआ राहिली असती.

कोणते कागद पाहावेत?

दलालाला एक रुपया देण्यापूर्वी खालील गोष्टी डोळ्यांखालून घालाव्यात, असे आमचे सांगणे आहे.

एक, विकणाऱ्याचा स्वतःचा नोंदणीकृत करार, आणि त्याने ज्याच्याकडून घर घेतले त्याचाही, अशी पहिल्या मालकापर्यंतची साखळी. प्रत्येक करारासोबत सूची दोन. शंभर-पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारलेला कागद ही घराची मालकी नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

दोन, इमारत ज्या जमिनीवर आहे तिचा सात-बारा किंवा शहरात असल्यास मिळकत पत्रिका. सात-बारा सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो आणि डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. पंधरा रुपयांत आज दोन कप चहा येत नाही.

तीन, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र. परवानगीतील मजले बोटाने मोजावेत. आम्ही मोजले नव्हते.

चार, सोसायटी असल्यास भाग प्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला. सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे की अजून बांधणाऱ्याच्याच नावावर आहे, हेही विचारावे.

पाच, घरपट्टी, पाणीपट्टी आणि विजेची ताजी बिले.

सहा, घरावर कर्ज आहे का याचे विकणाऱ्याच्या सहीचे लेखी उत्तर. २०११ पासून 'सरसाई' नावाच्या केंद्रीय नोंदवहीत बँकांनी तारण ठेवलेल्या मालमत्तांची नोंद होते, ती थोडी फी भरून कोणालाही तपासता येते.

सात, मूळ मालक वारला असेल तर सर्व वारसांची यादी आणि सर्वांच्या सह्या. येथे बहिणींची नावे आहेत का ते मुद्दाम पाहावे. बाप गेल्यावर भाऊच घर विकून मोकळे होतात आणि बहिणींचा हिस्सा कोणी विचारत नाही. बहिणींची सही नसेल तर त्यांचा हिस्सा विकलाच गेलेला नसतो. उद्या त्या उभ्या राहिल्या तर हक्क त्यांचाच असतो, आणि तो असलाच पाहिजे.

विरोधात काय म्हटले जाते?

दलाल म्हणतात, कागद आधी मागितले तर पार्टी पळून जाते. आमचे उत्तर असे की कागद मागितल्यावर पळणारी पार्टी पळालेलीच बरी.

विकणारे म्हणतात, कागदाच्या प्रती वाटल्या तर त्यांचा कोणी गैरवापर करील, बनावट करार करील. ही भीती अगदीच खोटी नाही. पण त्याला तोड आहे. प्रत द्यायची गरज नाही, समोर बसून दाखवावेत. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर कोणाला आणि कशासाठी दिली हे लिहून आडवी रेघ मारावी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. आपल्या गावांतील कितीतरी घरांना भोगवटा प्रमाणपत्र नाही, परवानगी अर्धवट आहे, करार नोटरीचे आहेत. कागदांची अट घातली तर ही घरे विकलीच जाणार नाहीत. मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्याच्या खर्चासाठी घर विकू पाहणाऱ्या गरिबाने काय करावे?

आम्ही हा प्रश्न बाहेरून विचारत नाही. आमच्या स्वतःच्या राहत्या इमारतीलाही भोगवटा प्रमाणपत्र नाही. उद्या आम्हाला घर विकायचे झाले तर ही गोष्ट घेणाऱ्याला सांगावी लागेल आणि किंमत कमी येईल. येऊ द्या. आमच्या बाजारात 'सेकंड' माल विकला जात नाही का? रोज विकला जातो. पण तो सेकंड म्हणून विकला जातो, त्याचा दर सेकंडचा असतो आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असते. सेकंड माल विकणे गुन्हा नाही. सेकंड माल फ्रेश सांगून विकणे ही बेइमानी आहे. घरात काय उणे आहे हे घेणाऱ्याला आधी कळावे एवढीच आमची मागणी आहे. ते कळूनही तो घेत असेल तर तो त्याचा निर्णय. मात्र ज्या इमारतीत राहणेच धोक्याचे आहे तिथे दर कमी करून भागणार नाही, ती इमारत विकण्याच्या लायकीची नाही असेच म्हणावे लागेल.

दुसरे देश काय करतात?

स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २००८ पासून असा नियम आहे की घर विक्रीला काढण्यापूर्वीच विकणाऱ्याने 'होम रिपोर्ट' तयार ठेवावा. त्यात घराच्या अवस्थेचा तज्ज्ञाने केलेला तपासणी अहवाल किमतीसह असतो, ऊर्जेच्या वापराचा अहवाल असतो आणि विकणाऱ्याने भरून दिलेली प्रश्नावली असते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात विक्रीचा करारनामा आवश्यक कागदांसह तयार झाल्याशिवाय राहत्या घराची जाहिरातही करता येत नाही.

इंग्लंडने मात्र हाच प्रयोग २००७ साली सुरू केला आणि मे २०१० मध्ये गुंडाळला. तिथे घराच्या अवस्थेचा तपासणी अहवाल, जो घेणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाचा होता, तोच ऐच्छिक करून टाकला होता. उरले ते कागदांचे बाड आणि खर्च. लोक कंटाळले. यातून एवढे शिकावे की यादी लांब असून उपयोग नाही, कामाची असली पाहिजे. आमच्या वरील सात गोष्टी एका पातळ फाईलीत मावतात.

मग करावयाचे काय?

शासनाने जुन्या घरांच्या विक्रीसाठी एक छोटा नियम करावा. विकणाऱ्याने एका पानाचे ठराविक नमुन्याचे निवेदन सही करून द्यावे, ते दाखवल्याशिवाय घेतलेला बयाणा जप्त करता येऊ नये, आणि निवेदन खोटे ठरल्यास बयाणा परत मिळावा. हे निवेदन मराठी, उर्दू, हिंदी अशा घेणाऱ्याला वाचता येईल त्या भाषेत असावे. रेरा नोंदणी असलेल्या दलालाला प्रकल्पाचे कागद घेणाऱ्यास मिळवून देण्याची जबाबदारी कायद्याने दिलेली आहेच. तीच जबाबदारी जुन्या घरांच्या दलालीलाही लावावी.

पण शासनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या शहरांतील व्यापारी संघटना, जमाती आणि तालीम मंडळे एवढे तर करू शकतात की आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एक जाणकार वकील आणि एक निवृत्त तलाठी किंवा नगरपालिकेचा निवृत्त कर्मचारी यांना बसवावे. घर घेणाऱ्याने कागद आणावेत, त्यांनी वाचून सांगावे. आमच्या ओळखीच्या चार व्यापाऱ्यांनी मिळून हे सुरू करायचे ठरवले आहे. जागा आमच्या दुकानाच्या वरची आहे, कपाट रिकामे केले आहे. पहिल्या दिवशी आमचा भाचा तिथे बसणार आहे. त्याला आता सात-बारा आमच्यापेक्षा चांगला वाचता येतो.

वाचकांना आमची एकच विनंती आहे. दलालाने मगरिबनंतर येणाऱ्या दुसऱ्या पार्टीचे नाव काढले की समजावे, आता घाई करायची नाही. त्या पार्टीला बयाणा देऊ द्यावा. घर गेले तर दुसरे मिळेल. अकरा वर्षांची कमाई गेली तर ती कमावण्यासाठी दुसरी अकरा वर्षे कोणाजवळ आहेत?